आडवे साहेब आणि आमचा जिना

साहेब कुणाच्याही घरी गेले की आधी आडवे होत. "या, बसा" म्हणणाऱ्याकडे लक्ष नाही, पाण्याच्या ग्लासाकडे लक्ष नाही. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला हा मनुष्य हिऱ्याच्या व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात जाऊन सरळ फरशीवर पाठ टेकायचा. घरची बाई ट्रे घेऊन उभी, शेठ सोफ्यातून अर्धा उठलेला, आणि साहेब छताकडे बघत गप्प पडलेले. मग एक बोट वर जायचं. "हा पंखा डोळ्यात येतो. ती ट्यूब कपाळावर येते. आणि हे झुंबर कुणासाठी, शेठ? घरात झोपणाऱ्यासाठी की बघून जाणाऱ्यासाठी?" शेठ काही बोलायच्या आत पुढचं वाक्य ठरलेलं असायचं, "पहेलां सूई ने जुओ." आधी झोपून बघा. आणि मोठमोठे शेठ खरोखर त्यांच्या शेजारी झोपायचे. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, हातात मोजपट्टी धरून, हसू दाबत.

सुतारांनी त्यांना आडवे साहेब हे नाव ठेवलं होतं. सुरतेत नव्वदच्या दशकात ज्यांनी ज्यांनी घराची सजावट करून घेतली, त्यांना हे नाव ऐकून माहीत असेल. त्या लोकांच्या आठवणीत ते थोर असतील. मला ते कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण गेलेल्या किंवा दुरावलेल्या माणसावर लिहायला बसलं की लोक शेवटपर्यंत त्याचा देव करून टाकतात. मी तसं काही करणार नाहीये.

एक तर त्यांना माणसांची नावं घ्यायची नसायची. जो जिथून येईल ते त्याचं नाव. नारणभाई मिस्त्री भेस्तानहून यायचे म्हणून ते "भेस्तान". मी गोडादऱ्यात राहायचे म्हणून मी "गोडादरा". "गोडादरा, ती पट्टी आण." "गोडादरा, हे काय काढलंस? खिडकी आहे की तुरुंगाची झडप?" साहेब अमरावतीकडचे, बडोद्याला शिकलेले. एरवी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचे, पण चिडले की वऱ्हाडी बाहेर पडायची. "तुले काय वाटते, मले दिसत नाही?" असं म्हणून हातातला ट्रेसिंग पेपर टराटरा फाडायचे. दिवसभर पाठ मोडून काढलेलं काम फाटताना बघणं कसं असतं ते ड्राफ्ट्समनलाच ठाऊक. आणि फाडून झाल्यावर विचारणार, "चहा घेतलास का?"

मी त्यांच्याकडे गेले ती आमच्या इमारतीच्या पाटीमुळे. आयटीआयचा कोर्स नुकताच संपला होता, ओळख कुणाचीच नव्हती. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्याकडून यंत्रमागावर कामाला आलेले. त्यांची ओळख मागवाल्यांशी, मुकादमांशी, किराणावाल्याशी. पण आमच्या इमारतीच्या दारावर एक पाटी होती. वर बांधणाऱ्या शेठचं नाव, खाली आर्किटेक्ट म्हणून साहेबांचं. रोज जाता-येता वाचलेलं तेवढं एकच नाव मला माहीत होतं. मी पत्ता काढला आणि जाऊन उभी राहिले. साहेबांनी माझ्या ड्रॉइंगकडे पाहिलं, मी कुठे राहते ते विचारलं. इमारतीचं नाव सांगितल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "सोमवारपासून ये." तेव्हा मला वाटलं, काम आवडलं असेल.

आता त्या इमारतीबद्दल सांगायला हवं. तीन मजले, लिफ्ट नाही, खाली दुकानं. गॅलरीला विटांचा कठडा नाही, खालपासून वरपर्यंत नुसती लोखंडी जाळी, कारण शेठने तेवढ्या विटाही वाचवल्या होत्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. एका चाळवजा खोलीतून आम्ही तिथे राहायला आलो तेव्हा आईने उंबऱ्याची पूजा केली होती. स्वतःचं घर, स्वतःचा नळ, अजून काय हवं? फक्त जिना वाईट होता. पहिल्या मजल्याखालच्या वळणावर एका पानाच्या दुकानाचा पोटमाळा जिन्यात घुसवलेला होता. तिथे भिंत अशी पुढे आलेली की गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेतलेला माणूससुद्धा अंग चोरून वळायचा. कपाट वर न्यायचं तर दोर लावून बाहेरून. आम्ही हसण्यावारी न्यायचो. जिवंत माणसाला अंग चोरता येतं.

तिसऱ्या मजल्यावरचे जगनबापू गेले तेव्हा हसणं थांबलं. इमारत तेव्हा नवीच होती आणि मी अजून शिकत होते. आमच्यात तिरडी खाली रस्त्यावर बांधतात आणि वरून माणसाला आणून तिच्यावर ठेवतात. जाणती माणसं म्हणाली, अंग ताठायच्या आत खाली घेऊ. चादरीत घेतलं, दोन्हीकडून माणसं लागली, आणि त्या वळणावर सगळे अडकले. पुढच्याला वळता येईना, मागच्याला उतरता येईना. चादर पुन्हा वर नेली. मग कुणीतरी खुर्ची आणली. जगनबापूंना खुर्चीत बसवलं, धोतराने बांधलं आणि चौघांनी खुर्ची उचलली. पुढच्या पायाला आबा होते. ते उलटे उतरत होते, म्हणून संपूर्ण जिनाभर जगनबापूंचं तोंड त्यांच्या तोंडासमोर होतं. हनुवटीला बांधलेला टॉवेल सुटला होता आणि प्रत्येक पायरीला मान पुढे पडत होती.

आबा स्मशानातून आले, अंघोळ केली आणि जेवले नाहीत. आई ताट घेऊन बसून राहिली. मग ते आमच्या घरच्या अहिराणीत एवढंच म्हणाले, "माले खुर्चीमा बसाडीसन लई जाऊ नका. निजाडीसन लई जा." मला बसवून नेऊ नका, निजवून न्या. तेव्हा ते चांगले धडधाकट होते, पाळी करून येत होते. आई रागावली, "काहीतरीच बोलस." पण ते गंमतीत बोलत नव्हते. पुढे त्यांची छाती बिघडली, मागाच्या धुळीने बऱ्याच जणांची बिघडते तशी. आधी काम सुटलं, मग जिना सुटला. ते वर आले ते वरच राहिले. आणि त्यांनी जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, तर आता हे एकच मागून बसले होते.

तोवर मी साहेबांकडे रुळले होते आणि साहेब इमारती सोडून पूर्णपणे आतल्या कामाकडे वळले होते. त्याआधी त्यांनी गोडादरा, डिंडोली भागात शेठ लोकांसाठी आमच्यासारख्या बऱ्याच इमारती काढल्या होत्या. मग एकाएकी सोडलं. आता फक्त घराच्या आत. हातात कला होती, हे मी नाकारत नाही. घोडदोड रोडवर एका कापड व्यापाऱ्याची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली होती. घरच्यांना दिवाणखाना आरशांनी मढवून हवा होता. साहेब दिवाणखान्यात गेलेच नाहीत. म्हातारीच्या खोलीत जाऊन तिच्या पलंगाशेजारी खाली झोपले आणि म्हणाले, "या बाईला सहा महिने नुसती भिंत दिसते आहे. तुम्हाला आरसे कसले सुचतात?" त्यांनी खिडकी फोडून खाली घेतली. पडल्या पडल्या कडुलिंब दिसायला लागला तेव्हा म्हातारी रडली, सून रडली, शेठने साहेबांचे पाय धरले.

त्या खिडकीचं ड्रॉइंग मी काढलं होतं. घरी येताना बसमध्ये माझं डोकं नुसतं तापलं होतं. त्या म्हातारीला झाड दिसावं म्हणून भिंत फुटते आणि माझ्या बापाला सरळ बाहेर जाता यावं म्हणून एक पोटमाळ्याची भिंत फुटत नाही? फुटण्यासारखी होती ती. त्या भिंतीवर काहीही तोललेलं नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण माझ्या म्हणण्याला कोण विचारतो. दुकान शेठच्या मेव्हण्याचं. तो म्हणायचा, इमारत ज्याने काढली त्याने लिहून द्यावं की भिंत काढली तर धोका नाही, मग बघू. साहेबांनी चार ओळी लिहायच्या, एवढंच काम होतं.

मी विचारणारच होते, तेवढ्यात त्यांचं भाषण आलं. शिकणाऱ्या मुलांपुढे त्यांना बोलावलं होतं आणि आम्हा ऑफिसच्या लोकांना मागच्या रांगेत बसवलं होतं. साहेब छान बोलायचे, हा त्यांचा आणखी एक दोष. म्हणाले, "उभ्या माणसासाठी घर कुणीही बांधतं. आडव्या माणसासाठी बांधायला अक्कल लागते. माणूस आडवा जन्मतो, आडवा प्रेम करतो, आडवा आजारी पडतो आणि आडवा जातो." मुलं वहीत उतरवून घेत होती. पुढे म्हणाले, "इमारत चुकली तर माणसाचा जन्म चुकीत जातो. खोली चुकली तर सुताराला बोलावता येतं. म्हणून मी बाहेरून आत आलो." टाळ्या वाजल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. "आडवा जातो" म्हणे. आमच्या जिन्यातून जाऊन दाखवा.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. आबांची छाती, जगनबापूंची खुर्ची, पानाचं दुकान. ते पेन्सिलीला टोक करत होते.

"मी बाहेरचं काम सोडलं," ते म्हणाले.

"साहेब, जिना बाहेर कुठे असतो? तो इमारतीच्या आतच असतो."

"जिना कुणाच्याच घरात नसतो, गोडादरा. कुणी तिथे झोपत नाही, कुणी तिथे जेवत नाही. तो कुणाचाच नसतो. जे कुणाचंच नाही त्याला मी हात लावत नाही."

हे असं बोलायचे. समोरच्याच्या बापाचा जीव टांगणीला लागलाय आणि यांना वाक्य सुचतंय. मी त्याच आठवड्यात जिन्याचं ड्रॉइंग काढलं. जुनं वळण, त्यातली भिंत, भिंत काढल्यावर मिळणारी जागा, आणि त्या जागेतून वळणारी, चार माणसांच्या खांद्यावरची तिरडीसुद्धा काढली. त्यांच्या टेबलावर ठेवून दिलं. संध्याकाळी परत मिळालं. लाल पेन्सिलीने एकाच ठिकाणी खूण होती, मी लिहिलेल्या अक्षरांखाली. शेजारी शेरा होता, "अक्षर सुधार." त्या दिवशी मी नोकरी सोडायला हवी होती, असं माझी मैत्रीण अजून म्हणते. पण आबांच्या औषधांना माझाच पगार होता.

मग एका रविवारी दुपारी साहेब न सांगता आमच्या घरी आले. दारात उभे, जिना चढून आलेले, पांढऱ्या शर्टाच्या खांद्याला चुना लागलेला. वळणावर घासले असणार. मला मनातून फार बरं वाटलं. आई गडबडली, खुर्ची पुसायला लागली. साहेबांनी नेहमीप्रमाणे तिच्याकडे लक्ष दिलं नाही. आबा खाली गादीवर पडलेले होते. साहेब गेले आणि त्यांच्या शेजारी फरशीवर आडवे झाले. आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, राहू दे, ते असेच आहेत. आणि चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. आमच्या घरात स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये फक्त पडदा होता.

दोघे छताकडे बघत पडले होते. मग आबाच बोलले, थांबत, श्वास घेत. "साहेब, हाई बिल्डिंग तुम्हीच काढेल शे ना?"

"हाव."

"मंग जगनबापूले खुर्चीमा लई गयात, ते माहीत शे का तुमले?"

मी गॅस बारीक केला.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी खाली उभा होतो. शेठकडे आलो होतो. पानाच्या दुकानासमोर उभा होतो आणि दारातून खुर्ची बाहेर आली. त्यानंतर मी एकही इमारत काढली नाही."

"मंग बठ्ठं माहीत शे तुमले," आबा म्हणाले. तुम्हाला सगळं माहीत आहे तर. त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट ओळखीचं माणूस भेटल्यासारखा आवाज होता.

राग होता तो पडद्याच्या अलीकडे. म्हणजे ह्या माणसाने ती खुर्ची पाहिली होती! इतकी वर्षं लोकांना सांगत फिरले, बाहेरून आत आलो, खोली सुधारता येते, माणूस आडवा असतो. ते सगळं तत्त्वज्ञान आमच्या जिन्याच्या पायथ्याशी पानाच्या दुकानासमोर सुचलेलं होतं. आणि सुचल्यावर काय केलं? आमची भिंत काढली? नाही. घोडदोड रोडला जाऊन म्हाताऱ्यांना कडुलिंब दाखवत बसले. सरळ शब्दांत याला पळ काढणं म्हणतात. मी चहा नेऊन ठेवला तो इतका आदळून की बशीत सांडला. साहेबांनी बशीतला चहा प्यायला आणि गेले.

पुढच्या आठवड्यात नारणभाई मिस्त्री हत्यारांची पिशवी घेऊन आले. बरोबर साहेब. खोलीतलं सगळं हलवायला लावलं. कपाट त्या भिंतीला, ट्रंका स्वयंपाकघरात, आबांची गादी मधोमध, पाय गॅलरीकडे. आईला म्हणाले, "इथून गॅलरीपर्यंत एक माणूस सरळ जाईल एवढी जागा कायम मोकळी ठेवायची. काहीही ठेवायचं नाही. बाप्पाची मूर्तीसुद्धा नाही." मग गॅलरीची जाळी कापली आणि तिला मजबूत बिजागऱ्या लावून दरवाजासारखी उघडती केली. गॅलरीच्या छताच्या बाहेरच्या कडेला एक जाड लोखंडी कडी बसवली, जिच्यात कप्पी अडकवता येईल अशी. मी भिंतीला टेकून बघत होते आणि माझ्या लक्षात येत होतं. आईच्या येत नव्हतं.

आबांच्या माझ्याही आधी आलं होतं. त्यांनी पडल्या पडल्या नारणभाईंना विचारलं, "वजन किती पेलस हाई?"

नारणभाई बिचारे संकोचले. "आमां तो कबाट चढे, काका." यातून तर कपाट चढतं.

आबा इतके हसले की त्यांना उबळ आली. मी पाठ चोळायला धावले. खोकला थांबल्यावर म्हणाले, कपाटापेक्षा मी हलका भरेन. साहेब हसले नाहीत. ते बिजागरीत तेल सोडत होते.

मला त्यांचा तेव्हा जितका संताप आला तितका आधी कधी आला नव्हता. जिना नीट करायचं सोडून ह्यांनी आमच्या घरात मसणाची वाट काढली! मी तसं तोंडावर बोललेसुद्धा. जिन्यातून खाली उतरताना त्यांना गाठलं, त्याच वळणावर. म्हटलं, "चार ओळी लिहून द्यायला हात मोडले असते का?" ते अंग चोरून वळले आणि उतरून गेले.

पण आबांचं म्हणाल, तर ते सुखी झाले. हे मला लपवता येणार नाही. जाळीचं दार दिवसभर उघडं असायचं. वारा यायचा, रस्ता दिसायचा, भाजीवाल्या बायका दिसायच्या, पाळी सुटल्यावर यंत्रमागाच्या खात्यातून येणारी माणसं दिसायची. ओळखीचा कुणी खालून हाक मारायचा, "आबा, कसं शे?" आणि आबा हात वर करायचे. खुर्चीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. हिवाळ्यात एका सकाळी चहाचा कप अर्धा ठेवून ते गेले.

साहेब आले ते नारणभाईंना आणि त्यांच्या माणसांना घेऊनच. लांब फळी, दोरखंड, कप्पी. आबांना फळीवर निजवलं, पांढऱ्या कापडात, चेहरा उघडा. त्या मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यातून फळी सरळ गॅलरीत गेली, दारातून बाहेर गेली आणि कडीला टांगून हळूहळू खाली उतरायला लागली. सगळी गल्ली वर बघत होती. साहेब खाली रस्त्यावर उभे राहून ओरडत होते, कामावर ओरडायचे तस्सेच. "लेवल! लेवल पकडो! पायाकडची बाजू खाली जातेय, गधड्यांनो! लेवल!" माझे काका म्हणाले, जरा सांगा ना त्यांना, मयत आहे. पण फळी एकदाही कलली नाही. आबा सपाट खाली आले, थेट तिरडीवर. डोक्याखालची उशीसुद्धा सरकली नव्हती. माझे दोन्ही डोळे वाहत होते आणि त्याच वेळी मला त्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

नंतर जे व्हायचं तेच झालं. इमारतीत कुणीही वारलं की लोक आमचं दार वाजवायला लागले. "तुमनी गॅलरीमाईन..." एवढं म्हणून अवघडून उभे राहायचे. आई नाही कशी म्हणणार? ती पट्टा झाडायची, तुळशीचं पान ठेवायची, दार उघडून द्यायची. इमारतीतले सगळे मेलेले आमच्या घरातून गेले. जिन्याबद्दल पानवाल्याशी भांडायला आता कुणी जाईना, गरजच संपली होती. साहेबांच्या ह्या सोयीने ती भिंत कायमची वाचवली.

मी नोकरी सोडली. साहेब मात्र मोठे झाले. मासिकांत फोटो, ठिकठिकाणी भाषणं. एकदा कुणीतरी मला कौतुकाने सांगितलं की ते गोडादऱ्यातल्या एका कामगाराच्या खोलीबद्दल फार सुंदर बोलले, आजारी माणसासाठी एक भिंत आकाशाकडे कशी उघडली त्याबद्दल. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. मी विचारलं, जिन्याचं काही बोलले का? त्याला प्रश्नच कळला नाही.

नव्वदचं दशक संपता संपता नारणभाई भेटले आणि म्हणाले, साहेब सगळं आवरून अमरावतीला चालले. मी जाणार नव्हते, तरी गेले. ऑफिस रिकामं होतं, खाली टेंपो भरत होता. टेबलं गेली होती आणि साहेब मोकळ्या फरशीवर आडवे पडले होते. शर्ट तसाच पांढरा, आत माणूस उरला नव्हता फारसा. मला पाहून उठले नाहीत.

"गोडादरा. बिजागरीले तेल घालतेस ना?"

"जिना तसाच आहे," मी म्हटलं.

मी वाट बघत होते की आता एक वाक्य येईल. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला वाक्य होतं. आलं नाही. खाली टेंपोवाल्याने हॉर्न वाजवला.

"शेठनं पानाचं दुकान मागितलं," छताकडे बघत ते म्हणाले. "जागा नव्हती. मी पट्टी सरकवली आणि जिन्यातून काढून दिली. खालून चढणारा माणूस तेवढा डोळ्यांपुढे होता." मग एक हात वर केला, उठवण्यासाठी. "जिना माझा आहे, गोडादरा."

मी हात दिला. ते उठले, शर्ट झटकला आणि नारणभाईंवर ओरडायला लागले की ड्रॉइंग बोर्ड आडवे का ठेवले, वाकतील ना. आमची तीच शेवटची भेट. मी त्यांना माफ केलेलं नाही. जे माझ्या बापाला ऐकायला मिळायला हवं होतं ते मला रिकाम्या ऑफिसात ऐकवून काय उपयोग?

आता मी डिंडोलीत तळमजल्यावर राहते. लोकांच्या घरांचे नकाशे काढून देते आणि प्रत्येक नकाशात आधी जिना काढते, चार खांदे सुखाने वळतील असा. घराचे मालक कुरकुरतात, जागा वाया जाते म्हणून. कुरकुरू देत. आईला कितीदा म्हटलं, माझ्याकडे ये, चढ-उतार तरी वाचेल. ती हलायला तयार नाही. "मी आठेच राहसू. तुना साहेबनी मनाकरताबी करी ठेयेल शे." मी इथेच राहीन, तुझ्या साहेबांनी माझ्यासाठीही करून ठेवलंय. खोलीतला तो पट्टा तिने अजून मोकळा ठेवलाय.

म्हणून दर दिवाळीला तेलाची बाटली घेऊन मी तो जिना चढते. वळणावर खांदा घासतो. गॅलरीत उभी राहून दोन्ही बिजागऱ्यांत तेल सोडते, कडी ओढून बघते आणि तेवढा वेळ साहेबांना मनसोक्त शिव्या घालते. आई आतून म्हणते, तेल घालताना तरी गप्प राहा. मी गप्प राहत नाही. दार ढकलून बघते, ते आवाज न करता उघडतं.